दोन-तृतीयांश सापडलं, बाकीचं औषध कुठे गेलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कर्करोगावरच्या एका नव्या रेणूला कार्बन-१४ ची खूण लावून तो रॅटला शिरेतून दिला. ४८ तासांची लघवी आणि विष्ठा मोजली, तर दिलेल्या किरणोत्सारापैकी जेमतेम दोन-तृतीयांश हाती लागला. उरलेला कुठे शोधायचा, मेटाबोलाईट (शरीरात औषधापासून तयार होणारे पदार्थ) ओळखायचं काम आत्ताच सुरू करावं का, आणि या आकड्यांवरून माणसाबद्दल कितपत बोलता येईल, असं विचारलं आहे.

मेटाबोलाईट ओळखायचं काम आत्ता सुरू करू नका. नमुने मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर, चढवायचा मोह होतो, कारण तिथे लगेच काहीतरी दिसतं. पण जमाखर्च जुळला नसेल तर जे दिसतंय ते महत्त्वाचं आहे की किरकोळ, हे ठरवायला आधारच नसतो. लघवीत ठसठशीत पीक, म्हणजे आलेखावरचं उंच टोक, देणारा मेटाबोलाईट एकूण मात्रेच्या अर्धा टक्काही असू शकतो, आणि औषध ज्या वाटेने खरोखर बाहेर पडतंय ती वाट कदाचित तुम्ही अजून पाहिलेलीच नसेल. दिलेला माल आज कुठे कुठे आहे हे आधी सांगता आलं पाहिजे. त्याचं रूप काय झालं, हे त्यानंतर.

पहिली गोष्ट, ४८ तास कमी आहेत. पेशी मारणारी बरीच औषधं डीएनएला किंवा प्रथिनांना चिकटून बसतात आणि सावकाश सुटतात. रॅटमध्ये साधारणपणे १६८ तास, म्हणजे सात दिवस गोळा करतात, किंवा २४ तासांत बाहेर पडणारा भाग मात्रेच्या एक टक्क्याखाली येईपर्यंत. त्या मुदतीत एकूण वसुली ९० टक्क्यांच्या वर जावी अशी अपेक्षा असते. तुमचा एकत्रित आलेख ४८ तासांनाही चढताच असेल तर काहीही हरवलेलं नाही, औषध अजून प्राण्याच्या अंगात आहे. ही शंका फेडायचा मार्ग म्हणजे प्रयोग संपल्यावर उरलेलं पूर्ण शरीर अल्कलीत विरघळवून मोजणं. शव फ्रीझरमध्ये ठेवलं असेल तर तो आकडा आधी काढा. पुष्कळ लोक हे काम कंटाळवाणं म्हणून टाळतात आणि मग महिनाभर तर्क लढवत बसतात.

दुसरी गोष्ट पिंजरा. मेटाबॉलिक पिंजऱ्यात जाळीखाली नरसाळं असतं. लघवी त्याच्या भिंतीवरून घरंगळत एका नळीत जाते आणि लेंड्या वेगळ्या भांड्यात पडतात. रॅट थोडी थोडी लघवी करतो, ती भिंतीवरच वाळते आणि पिवळट कड धरते. ती कड म्हणजे तुमचं औषध. म्हणून दर २४ तासांनी नरसाळं धुऊन ते पाणी वेगळं मोजायचं, आणि शेवटच्या दिवशी जाळी, भिंती, पाण्याच्या बाटलीचं तोंड हे सगळं आधी पाण्याने, मग मेथॅनॉल मिसळलेल्या पाण्याने धुवायचं. रेणू तेलकट स्वभावाचा असेल तर नुसत्या पाण्याच्या धुण्यात फारसं काही उतरत नाही आणि हिशेबात काही टक्क्यांची खोट राहते. शिवाय केमोच्या औषधांनी प्राण्याला जुलाब होतात. पातळ विष्ठा नरसाळ्यातून थेट लघवीच्या नळीत जाते, आणि कागदावर ‘लघवीतून इतके टक्के’ असं दिसतं ते खरं विष्ठेतलं असतं. जुलाब झालेल्या प्राण्याची नोंद त्याच दिवशी वहीत हवी. नंतर नुसत्या आकड्यांवरून हे कळत नाही.

विष्ठा मोजण्याची पद्धतही तपासा. २४ तासांची सगळी विष्ठा पाण्याबरोबर एकजीव वाटून घ्यायची, तिचे तीन छोटे भाग ऑक्सिडायझरमध्ये जाळायचे, आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड शोषक द्रवात पकडून सिंटिलेशन काउंटरवर (किरणोत्साराने उमटणारा प्रकाश मोजणारं यंत्र) मोजायचा. तीन आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर लगदा नीट झालेला नाही, पुन्हा वाटा. कार्बन-१४ चा बीटा कण दुबळा असतो, त्याची ऊर्जा जास्तीत जास्त १५६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. गडद रंगाचा नमुना त्यातून निघणारा प्रकाश गिळतो आणि काउंट कमी भरतात. डॉक्सोरुबिसिनसारखं औषध तर स्वतःच लाल असतं. क्वेंच दुरुस्तीची, म्हणजे ही घट भरून काढणारी, वक्ररेषा त्याच प्रकारच्या नमुन्यावर काढलेली हवी, शुद्ध पाण्यावरची चालणार नाही.

हे सगळं बिनचूक असूनही आकडा तिथेच अडला, तर मी विचारीन: खूण रेणूच्या कुठल्या अणूवर आहे?

याचं सर्वांत बोलकं उदाहरण ५-फ्लुरोयुरासिल. चार्ल्स हायडलबर्गर आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये हे कर्करोगाचं औषध पुढे आणलं. शरीरात त्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग मुख्यतः यकृतात मोडला जातो. डायहायड्रोपिरिमिडिन डिहायड्रोजनेज, म्हणजे डीपीडी, हा एन्झाइम आधी वलयातला दुहेरी बंध काढून टाकतो. दुसरा एन्झाइम वलय उघडतो. तिसरा त्या उघडलेल्या साखळीतून दोन नायट्रोजनच्या मधला कार्बन तोडतो. हा कार्बन म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा, आणि तो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे निघून जातो. मागे उरतो तो अल्फा-फ्लुरो-बीटा-अ‍ॅलनिन, म्हणजे एफबॅल, आणि तो मुख्यतः लघवीतून जातो.

आता समजा कार्बन-१४ दुसऱ्या क्रमांकावर आहे. मोठा हिस्सा हवेत गेला. श्वास पकडायची सोय नसेल तर तुमच्या वहीत वसुली निम्म्यावर येईल, आणि लघवीत एफबॅल भरपूर असूनही तो तुम्हाला दिसणार नाही, कारण त्याच्या अंगावर खूणच उरलेली नाही. हाच कार्बन-१४ सहाव्या क्रमांकावर ठेवला तर तो एफबॅलबरोबर राहतो आणि हिशेब लघवीत जुळतो. औषध तेच, प्राणी तोच, मात्रा तीच. आणि दोन प्रयोगशाळा दोन वेगळे निष्कर्ष लिहून मोकळ्या होतात. दोघांचेही आकडे खरे असतात. एकीला डीपीडीच्या साखळीचा वेग उत्तम कळतो, दुसरीला शेवटचं उत्पादन कुठे जातं ते कळतं. पूर्ण चित्र हवं असेल तर खूण अशा सांगाड्यावर हवी, जो मोडतोडीनंतरही एकत्र राहील. रेणूचे दोन मोठे तुकडे होण्याचा संभव असेल तर दोन्ही तुकड्यांवर वेगवेगळी खूण लावलेले दोन स्वतंत्र प्रयोग करावे लागतात. खर्च दुप्पट होतो, पण त्याला दुसरा पर्याय मला माहीत नाही. ट्रिटियमची, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनची, खूण स्वस्त पडते, पण ती पाण्याशी अदलाबदल करू शकते. मग मोजतोय ते औषध की शरीरातलं पाणी, हा वाद मागे लागतो. लघवी वाळवून पुन्हा मोजली की ट्रिटियमचं पाणी किती होतं ते कळतं.

म्हणून तुमच्या रेणूत मिथाइल, मिथॉक्सी किंवा कार्बामेट गटावर खूण असेल, तर निदान दोन रॅट बंद काचेच्या पिंजऱ्यात ठेवून त्यांचा श्वास अल्कलीच्या द्रवातून पार करा. तीस टक्क्यांची तूट तिथेच सापडणं अगदी शक्य आहे.

आता पित्त. शिरेतून दिलेल्या औषधाचा मोठा भाग विष्ठेत सापडला तर तो बहुधा पित्तावाटे आतड्यात आला आहे. आतड्याच्या भिंतीतूनही औषध थेट बाहेर टाकलं जातं, हेही विसरू नका. १९९७ साली पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगाच्या औषधावर माउसमध्ये झालेलं काम याचा उत्तम दाखला आहे. पी-ग्लायकोप्रोटीन हा औषध पेशीबाहेर फेकणारा पंप शाबूत असलेल्या माउसमध्ये शिरेतून दिलेल्या मात्रेचा ४० टक्के भाग जसाच्या तसा विष्ठेत आला. पंपाचं जनुक काढून टाकलेल्या माउसमध्ये तीन टक्क्यांहूनही कमी. एका प्रथिनाने बाहेर पडायची अख्खी वाट ठरवली होती.

पित्त वेगळं करायचं तर पित्तनलिकेत बारीक नळी बसवावी लागते. रॅटला पित्ताशय नसतं, पित्त सतत वाहत असतं, त्यामुळे नळीतून सोनेरी थेंब अखंड येत राहतात आणि वेळेनुसार नमुने घेणं सोपं जातं. पण ते पित्त आतड्यात जाणं बंद झालं की पित्ताम्लांचा साठा आटतो, प्रवाह मंदावतो. म्हणून पित्तक्षारांचं द्रावण दुसऱ्या नळीने लहान आतड्यात सोडत राहायचं. हे न करता ७२ तासांचं पित्त गोळा केलं तर शेवटच्या दिवसाचा आकडा निरोगी यकृताचा नसतो.

पित्ताचं महत्त्व समजायला इरिनोटेकान बघा. हे कर्करोगाचं औषध स्वतः प्रोड्रग आहे, म्हणजे शरीरात बदलल्यावरच काम करतं. कार्बॉक्सिलएस्टरेज हा एन्झाइम त्याचं एसएन-३८ करतो, आणि मारक काम खरं तेच करतं. यकृतातला यूजीटी१ए१ हा एन्झाइम त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून निरुपद्रवी करतो आणि मग ते पित्तात जातं. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू आपल्या बीटा-ग्लुकुरोनिडेजने ती जोडणी कापतात आणि एसएन-३८ पुन्हा मोकळं होतं. रुग्णांना होणाऱ्या भयंकर उशिराच्या जुलाबांमागचं हे मोठं कारण. १९९० च्या दशकात रॅटना प्रतिजैविकं देऊन ही साखळी तोडून दाखवली गेली, आणि २०१० मध्ये जिवाणूंच्या त्या एन्झाइमला नेमकं रोखणारे रेणू देऊन माउसमधले जुलाब कमी करता आले. उत्सर्जनाचा नीट मागोवा घेतला नसता तर हा धागा हाती लागला नसता. प्राण्यांवरच्या या कामाबद्दल मला आस्था वाटते ती यासाठी: विष्ठेतल्या एका आकड्यामागे रुग्णाचं सोसणं उभं असतं.

इथेच नमुना हाताळण्याचा सगळ्यात मोठा धोका आहे. इरिनोटेकान दिलेल्या रॅटची विष्ठा खोलीच्या तापमानाला रात्रभर पिंजऱ्याखाली पडून राहिली, तर तिच्यातले जिवाणू काम थांबवत नाहीत. ग्लुकुरोनाइडचं एसएन-३८ होत राहतं आणि सकाळी तुम्ही जे मोजता त्यातलं काही भांड्यात तयार झालेलं असतं. भांडी कोरड्या बर्फावर ठेवा, वाटताना सॅकॅरोलॅक्टोन घाला, म्हणजे तो एन्झाइम दबतो. रक्ताचंही तसंच. उंदीरवर्गीय प्राण्यांच्या प्लाझ्मात कार्बॉक्सिलएस्टरेज मुबलक असतो, माणसाच्या प्लाझ्मात तो जवळजवळ नसतो. माउसचं रक्त काढून नळी टेबलावर ठेवली की प्रोड्रगचं रूपांतर नळीतच सुरू राहतं. एन्झाइम रोखणारं रसायन नळीत आधीच असावं आणि नळी बर्फात असावी. त्यात इरिनोटेकानची लॅक्टोन आणि कार्बॉक्सिलेट अशी दोन रूपं आम्लतेप्रमाणे एकमेकांत बदलत राहतात. ती वेगवेगळी मोजायची असतील तर थंड मेथॅनॉलने प्रथिनं लगेच साका करा, म्हणजे गाळ करून खाली बसवा.

प्लॅटिनमच्या औषधांची गोष्ट निराळी. सिसप्लॅटिनला खूण लावावीच लागत नाही, धातूच खूण आहे. आयसीपी-एमएस या धातू मोजणाऱ्या यंत्रावर प्लॅटिनम मोजलं की झालं. मात्र हे यंत्र सगळ्या रूपांतलं प्लॅटिनम एकच समजतं. काही तासांत रक्तातलं ९० टक्क्यांहून अधिक प्लॅटिनम प्रथिनांना कायमचं जखडलेलं असतं आणि त्याचा ट्यूमरवर परिणाम होत नाही. मोकळा भाग हवा असेल तर रक्त काढल्या काढल्या प्लाझ्मा अल्ट्राफिल्टर करा, कारण हे जखडणं नळीतही चालूच राहतं. आणि इथे १०० टक्के वसुलीचा हट्ट धरू नका. रुग्णांच्या प्लाझ्मात उपचारानंतर दहा वर्षांहून अधिक काळाने प्लॅटिनम सापडलं आहे. रॅटच्या यकृतात आणि मूत्रपिंडात सातव्या दिवशी काही टक्के उरलेले दिसले तर ते औषधाचं खरं वागणं आहे, प्रयोगातली तूट नाही.

कार्बन-१४ च्या औषधातही असं कायमचं चिकटणं तपासायला हवं. प्लाझ्मातली प्रथिनं साका करून गाळ पुनःपुन्हा द्रावकाने धुवा. गाळात किरणोत्सार तसाच राहिला तर औषध प्रथिनाला जोडलं गेलं आहे, आणि मग प्लाझ्मातला एकूण किरणोत्सार अल्ब्युमिनच्या (प्लाझ्मातल्या मुख्य प्रथिनाच्या) आयुष्याच्या वेगाने उतरतो. तांबड्या पेशींत चिकटलं असेल तर त्याहूनही मंद, कारण रॅटची तांबडी पेशी सुमारे दोन महिने जगते. कुठल्या अवयवात किती उरलं हे एका नजरेत पाहायचं तर संपूर्ण शरीराची ऑटोरेडिओग्राफी करावी, म्हणजे किरणोत्सारानेच त्याचं चित्र उमटवावं. स्वेन उलबर्ग यांनी १९५४ मध्ये स्वीडनमध्ये ही पद्धत रुजवली. गोठवलेल्या प्राण्याचे पातळ काप आज फॉस्फर पडद्यावर ठेवतात. इथे पांढऱ्या रॅटबरोबर एखादा रंगीत कातडीचा रॅट घ्या. मेलॅनिनला चिकटणारी औषधं डोळ्यात साचतात आणि अल्बिनोमध्ये ते दिसत नाही.

मात्रेबद्दल एकच सांगते. मेटाबोलिझमच्या प्रयोगात सोसवेल त्या कमाल मात्रेच्या जवळ जाऊ नका. सिसप्लॅटिन मूत्रपिंड जाळतं, इरिनोटेकान आतड्याचं अस्तर सोलतं. म्हणजे औषध आपली बाहेर पडायची वाट स्वतःच मोडतं. मग तुम्ही मोजता ते आजारी अवयवाचं उत्सर्जन. आणि पिंजऱ्यातली लघवी, लेंड्या, भुसा हे सगळं किरणोत्सारी आणि पेशीमारक असं दोन्ही असतं. दुहेरी हातमोजे घाला, कोरडं झाडू नका, आणि पिंजरे धुणाऱ्या मदतनिसाला औषधाचं नाव आणि धोका तोंडी समजावून सांगा.

जमाखर्च जुळला की ओळखीला बसा. ज्या ज्या वेळच्या नमुन्यांत मात्रेचा मोठा भाग आहे ते प्रमाणशीर एकत्र करा, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र) किरणोत्साराचा आलेख काढा, आणि मोठी पीकं आधी सोडवा. वजनात १६ ची भर म्हणजे ऑक्सिजन, ८० म्हणजे सल्फेट, १७६ म्हणजे ग्लुकुरोनाइड, इतकं सुरुवातीला पुरतं. खूण असलेला आणि नसलेला रेणू योग्य प्रमाणात मिसळून दिला असेल, तर औषधाच्या प्रत्येक वंशजाच्या स्पेक्ट्रममध्ये दोन एककांच्या अंतराने जोडी दिसते. विष्ठेच्या गर्दीत ती जोडी फार उपयोगी पडते.

शेवटचा प्रश्न माणसाबद्दलचा. रॅटवरून बाहेर पडायच्या मुख्य वाटेचा अंदाज बऱ्याचदा बरोबर निघतो, पण कोणता एन्झाइम काम करतो यावर भरवसा ठेवू नये. पॅक्लिटॅक्सेलचा माणसातला मुख्य मेटाबोलाईट सीवायपी२सी८ हा एन्झाइम घडवतो, रॅटच्या पित्तात वेगळेच हायड्रॉक्सी मेटाबोलाईट निघतात. उलट बाजूही आहे. १९९३ साली जपानमध्ये नागिणीवरचं सोरिव्ह्युडिन आणि फ्लुरोयुरासिल गटाची औषधं एकत्र घेतल्याने १५ रुग्ण दगावले. आतड्यातले जिवाणू सोरिव्ह्युडिनमधून जो पदार्थ मोकळा करतात तो डीपीडीला कायमचा निकामी करतो, ही साखळी रॅटवरच्या प्रयोगांत स्पष्ट झाली. तिथे रॅट माणसासारखाच वागला.

मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती अल्डिहाइड ऑक्सिडेज या एन्झाइमची. कुत्र्याच्या यकृतात तो जवळपास नसतो, रॅटमध्ये त्याची क्रिया माणसाच्या मानाने सहसा कमी भरते, माकडात मात्र भरपूर असतो. एसजीएक्स५२३ हे एमईटी किनेज नावाचा एन्झाइम रोखणारं कर्करोगाचं औषध. रॅट आणि कुत्र्यांत सुरक्षित वाटलं, म्हणून माणसांना दिलं गेलं आणि रुग्णांची मूत्रपिंडं बिघडली. माणसात अल्डिहाइड ऑक्सिडेज त्याचा एक अतिशय कमी विरघळणारा मेटाबोलाईट बनवत होता. नंतर पाहिलं तर माकडातही तो बनत होता. विषबाधेच्या अभ्यासासाठी निवडलेले दोन्ही प्राणी नेमके ते काम न करणारे निघाले. मेथोट्रेक्सेट या औषधाचा ७-हायड्रॉक्सी मेटाबोलाईटही याच एन्झाइमचा, आणि तोही मूळ औषधापेक्षा कमी विरघळतो.

प्रगत कर्करोगाच्या औषधांसाठी २००९ ची आयसीएच एस९ ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका माणसात वेगळे आढळलेल्या मेटाबोलाईटची स्वतंत्र प्राणिचाचणी सहसा मागत नाही. ही सवलत कागदावरची आहे, मूत्रपिंडाला ती ठाऊक नसते. म्हणून दुसरा प्राणी ठरवण्याआधी रॅट, कुत्रा, माकड आणि माणूस या चौघांच्या हेपॅटोसाइटमध्ये, म्हणजे यकृताच्या पेशींमध्ये, तुमचा खूण लावलेला रेणू एकाच दिवशी, एकाच तीव्रतेत ठेवा आणि चारही आलेख एकाखाली एक मांडून बघा. माणसाच्या आलेखातलं प्रत्येक मोठं पीक निवडलेल्या प्राण्यांपैकी निदान एकात तरी हवं. हे काम केवळ मायक्रोझोमवर (यकृतपेशी फोडून मिळणाऱ्या आतल्या पडद्यांच्या तुकड्यांवर) उरकू नका. अल्डिहाइड ऑक्सिडेज पेशीच्या सायटोसॉलमध्ये, म्हणजे आतल्या द्रवात, असतो, मायक्रोझोममध्ये तो दिसतच नाही.